‘सगळंच काढून टाका’ म्हणण्याआधी: स्तनाच्या कर्करोगात काखेतल्या नोड्सचं ऑपरेशन

स्तनाच्या कर्करोगाचं निदान झालं की घरातल्या कुणाच्या तरी तोंडून एक वाक्य हमखास निघतं: "डॉक्टर, काय असेल ते सगळंच काढून टाका, परत डोक्याला ताप नको." म्हणणारा कधी नवरा असतो, कधी भाऊ, कधी बाई स्वतःच. त्यामागची भीती कळते. पण काखेच्या बाबतीत हा हिशेब चुकतो. तिथे गरजेपेक्षा जास्त काढल्याने आयुष्य वाढत नाही, हाताला मात्र कायमचं दुखणं लागू शकतं. म्हणून काखेतलं किती काढायचं, कशासाठी काढायचं आणि नंतर हाताचं काय करायचं, हे ऑपरेशनच्या तारखेआधीच समजून घेतलेलं बरं.

काखेत असतं काय

पायाला जखम चिघळली की जांघेत अवधान येतं, हे आपल्याकडे आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना माहीत असतं. ते अवधान म्हणजे सुजलेली लसिका ग्रंथी, म्हणजेच लिम्फ नोड. अंगात असे शेकडो नोड असतात. काखेतल्या चरबीत साधारण २० ते ३०, कुणाला कमी, कुणाला जास्त. निरोगी नोड वालाच्या दाण्याएवढा किंवा त्याहून लहान असतो. (गोंधळ नको म्हणून पुढे स्तनातल्या ट्यूमरला ‘गाठ’ आणि काखेतल्या ग्रंथींना ‘नोड’ म्हणते.)

स्तनातून निघणारा बहुतेक लसिकाद्रव काखेतल्या नोड्समधून गाळून पुढे जातो. गाठीतून सुटलेल्या पेशी त्याच वाटेने जाऊन तिथे अडकू शकतात. म्हणून काख तपासायची. नोड काढण्याचे हेतू दोन: आजार किती पुढे गेला आहे ते कळून पुढचे उपचार ठरावेत, आणि काखेत कर्करोग असेलच तर तो तिथेच वाढत राहू नये. पहिला हेतू बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. बऱ्याच बायकांच्या बाबतीत मुख्य काम तेच असतं.

एके काळी हे असं नव्हतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हॉलस्टेड या अमेरिकन सर्जनने स्तन, छातीचे स्नायू आणि काख असं सगळं एकदम काढायची पद्धत रूढ केली आणि ती पाऊणशे वर्षं चालली. १९७१ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या बी-०४ या चाचणीत हे मोठं ऑपरेशन आणि त्याहून लहान ऑपरेशनं समोरासमोर ठेवून पाहिली गेली. २५ वर्षांच्या पाठपुराव्यानंतरही जगण्याच्या प्रमाणात फरक दिसला नाही. ‘सगळंच काढा’चा शास्त्रीय पाया तिथेच गेला.

पहिली पायरी: ऑपरेशनआधी काखेची सोनोग्राफी

डॉक्टर काख हाताने चाचपतात, पण तेवढ्यावर भागत नाही. हाताला न लागणारे नोड कर्करोगाचे निघू शकतात आणि हाताला लागणारे साध्या संसर्गाने सुजलेले असू शकतात. म्हणून काखेची सोनोग्राफी हवी. केवळ स्तनाची झाली असेल तर काखेचीही झाली का, हे रिपोर्ट उघडून बघा. एखादा नोड संशयास्पद दिसला तर त्यात सुई घालून नमुना घेतात: बारीक सुईने एफएनएसी किंवा जाड सुईने कोअर बायोप्सी.

"सुई लावली की कॅन्सर पसरतो" हे इथे कुणीतरी सांगणारच. तसं होत नाही. उलट सुई न लावता काख उघडली तर न लागणारं मोठं ऑपरेशन पदरी पडू शकतं.

इथून तीन वाटा फुटतात. काख स्वच्छ दिसत असेल तर सेंटिनल नोड बायोप्सी. नोडमध्ये कर्करोग सिद्ध झाला तर पूर्ण काख साफ करणं, म्हणजे ॲक्सिलरी क्लिअरन्स, किंवा आधी केमो आणि मग पुन्हा विचार. तिसरी वाट अलीकडची आणि मोजक्या बायकांसाठीची: काखेला हातच न लावणं. इटलीतून चालवलेल्या ‘साउंड’ चाचणीचे निकाल २०२३ मध्ये आले. गाठ २ सेंटिमीटरपर्यंतची आणि काखेची सोनोग्राफी स्वच्छ असेल, तर नोड न काढताही पाच वर्षांत बायकांचं काही बिघडलं नाही. आज हा पर्याय मुख्यतः पाळी गेलेल्या, लहान, संथ आणि हार्मोनला प्रतिसाद देणारी गाठ असलेल्या बायकांना देतात. आपल्याकडे गाठ बहुतेकदा मोठी झाल्यावरच डॉक्टरपर्यंत येते, त्यामुळे यात बसणाऱ्या कमी. पण बसत असाल तर विचारायला संकोच नको.

डीसीआयएस, म्हणजे दुधाच्या नळीबाहेर न पडलेला आजार असेल आणि स्तन वाचवणारं ऑपरेशन असेल, तर सहसा नोड काढत नाहीत. पूर्ण स्तन काढणार असतील तर मात्र सेंटिनल नोड त्याच वेळी घेतात. कारण स्तन गेल्यावर ती वाट नंतर शोधता येत नाही.

सेंटिनल नोड: पहारेकरी शोधण्याचं तंत्र

स्तनातला द्रव काखेत शिरताना सर्वात आधी ज्या एक-दोन-तीन नोड्समध्ये जातो, ते सेंटिनल नोड. त्यांत कर्करोग नसेल तर मागच्यांत असण्याची शक्यता फार कमी. त्यामुळे तेवढेच काढून तपासायचे. स्तनाच्या कर्करोगात हे तंत्र १९९० च्या दशकात आलं: १९९३ मध्ये क्रॅग यांनी किरणोत्सर्गी द्रव वापरून, तर १९९४ मध्ये जुलियानो यांनी निळा रंग वापरून त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे ५,६११ बायकांच्या बी-३२ चाचणीने २०१० मध्ये दाखवलं की सेंटिनल नोड स्वच्छ असेल, तर बाकीचे जागेवर ठेवल्याने जगण्याच्या प्रमाणात फरक पडत नाही.

प्रत्यक्षात काय करतात? भूल दिल्यावर स्तनाग्राभोवती निळा रंग टोचतात आणि काही मिनिटं मसाज करतात. रंग नळ्यांमधून काखेकडे सरकतो. सर्जन काखेत छोटा छेद घेऊन निळी झालेली नळी शोधतात आणि तिच्या मागे निळ्या नोडपर्यंत जातात. मोठ्या रुग्णालयात याच्या जोडीला टेक्नेशियम हा किरणोत्सर्गी पदार्थ आधी टोचलेला असतो. मग पेनासारखं गॅमा प्रोब काखेवर फिरवलं की नोडच्या जागी यंत्र किणकिणतं. टेक्नेशियमचा जोर दर सहा तासांनी निम्मा होतो आणि मात्राही किरकोळ असते, त्यामुळे घरी नातवंडं आहेत म्हणून घाबरायला नको. काही ठिकाणी आयसीजी हा हिरवट चमकणारा रंग आणि खास कॅमेरा वापरतात.

न्यूक्लिअर मेडिसिनची सोय सगळ्या जिल्ह्यांत नाही. निळ्यासाठी आपल्याकडे बहुतेकदा मिथिलीन ब्लू वापरतात, कारण ते स्वस्त आणि सहज मिळणारं आहे. त्याच्या दोन-तीन गोष्टी मात्र आधी कुणी सांगत नाही. दुसऱ्या दिवशी लघवी हिरवी-निळी होते. स्तनावर निळसर डाग राहतो, कधी कधी काही महिने. ऑपरेशन चालू असताना बोटावरच्या ऑक्सिजनच्या यंत्रातला आकडा रंगामुळे खोटाच खाली दिसू शकतो, पण ते भूलतज्ज्ञाला माहीत असतं. नैराश्यासाठी किंवा चिंतेसाठी गोळ्या चालू असतील तर त्यांची नावं भूलतज्ज्ञाला सांगाच, घरच्यांपासून लपवून घेत असाल तरीही. एसएसआरआय गटातल्या गोळ्या आणि मिथिलीन ब्लू एकत्र आलं तर गंभीर त्रास होऊ शकतो. जी-सिक्स-पीडी या रक्तपेशींतल्या एन्झाइमची कमतरता असेल तर तेही सांगा.

परळच्या टाटा मेमोरियलने यावर आणखी एक स्वस्त पर्याय अभ्यासला आहे: लो ॲक्सिलरी सॅम्पलिंग. काखेतून दंडाकडे जाणाऱ्या इंटरकोस्टोब्रेकियल मज्जातंतूच्या खालचा चरबीचा भाग नोड्ससकट काढून तपासायचा. रंग लागत नाही, यंत्र लागत नाही. तुमच्या सर्जनने हे नाव घेतलं तर बिचकू नका, ते कमी दर्जाचं काम नाही.

फॉर्मवरची ± खूण

संमतिपत्रावर बहुतेकदा असं लिहिलेलं असतं: ‘सेंटिनल नोड बायोप्सी ± ॲक्सिलरी क्लिअरन्स’. ± म्हणजे ‘गरज पडली तर सोबत’. सही करताना सगळ्यांची नजर या चिन्हावरून घसरते. खरा प्रश्न तिथेच आहे. सेंटिनल नोड ऑपरेशन चालू असतानाच पॅथॉलॉजिस्टकडे जातो, गोठवून त्याचा काप काढतात आणि अर्ध्या तासाच्या आसपास निरोप येतो. याला फ्रोझन सेक्शन म्हणतात. कर्करोग दिसला तर त्याच भुलीत काख साफ होऊ शकते. म्हणजे झोपताना एक ऑपरेशन आणि उठताना दुसरंच. म्हणून सही करण्याआधी विचारा: "फ्रोझनमध्ये एकाच नोडमध्ये थोडासा सापडला, तर तुम्ही काय करणार?"

या प्रश्नाचं उत्तर गेल्या पंधरा वर्षांत बदललं आहे. पूर्वी उत्तर एकच होतं, सगळे काढणार. मग झेड-००११ चाचणी आली. गाठ ५ सेंटिमीटरपर्यंतची, स्तन वाचवणारं ऑपरेशन, पुढे स्तनाला रेडिएशन आणि फक्त एक-दोन सेंटिनल नोड्समध्ये कर्करोग, अशा बायका त्यात होत्या. निम्म्यांची काख साफ केली, निम्म्यांची नाही. दहा वर्षांनी काख साफ न केलेल्यांपैकी ८६.३ टक्के आणि साफ केलेल्यांपैकी ८३.६ टक्के हयात होत्या. हा फरक योगायोगाच्या हद्दीतला आहे, पण जास्त काढून फायदा झाला नाही एवढं स्पष्ट होतं. चाचणीत १,९०० बायका घ्यायच्या ठरल्या होत्या, प्रत्यक्षात ८९१ मिळाल्या, म्हणून सुरुवातीला टीकाही झाली. २०२४ मध्ये स्वीडनमधून चालवलेल्या सेनोमॅक चाचणीने पूर्ण स्तन काढलेल्या बायकाही घेतल्या आणि निष्कर्ष त्याच दिशेचा निघाला. त्यातल्या बहुतेकींना काखेच्या भागात रेडिएशन दिलं होतं, हे विसरायचं नाही. आणि युरोपातल्या ॲमारॉस चाचणीत काख साफ करण्याऐवजी काखेला रेडिएशन दिलं, तेव्हा रोगावर नियंत्रण सारखंच राहिलं. पाच वर्षांनी हात सुजल्याची लक्षणं मात्र २३ टक्क्यांऐवजी ११ टक्क्यांत दिसली.

मग काख पूर्ण साफ कुणाची करतात? जिच्या काखेत हाताला लागणारे, सुईने सिद्ध झालेले बरेच नोड आहेत तिची. सेंटिनलमध्ये तीन किंवा जास्त नोड्समध्ये कर्करोग निघाला तिची. केमोनंतरही नोड्समध्ये आजार शिल्लक आहे तिची. अशा वेळी क्लिअरन्स नाकारणं शहाणपणाचं नाही. छोट्या ऑपरेशनचा आग्रह धरताना हेही लक्षात असू द्या. साधारणपणे पहिल्या दोन थरांतले नोड काढतात. तिसरा थर, म्हणजे कॉलरबोनजवळचा, तिथे आजार दिसला तरच.

आधी केमो असेल तर

इथे एक गोष्ट वेळेवरच करावी लागते. नोडमध्ये कर्करोग सिद्ध झाला असेल आणि ऑपरेशनआधी केमो ठरली असेल, तर केमो सुरू होण्याआधी त्या नोडमध्ये एक बारीक धातूची क्लिप ठेवतात. केमोने नोड आक्रसून दिसेनासा झाला तरी क्लिपवरून तो सापडतो. केमो संपल्यावर हे सुचून उपयोग नाही. काख स्वच्छ झाली असेल तर तो क्लिपवाला नोड आणि सेंटिनल नोड एवढेच काढून तपासण्याचा पर्याय मिळतो. अशा वेळी निळा रंग आणि किरणोत्सर्गी द्रव दोन्ही वापरलेले आणि किमान तीन नोड काढलेले बरे, नाहीतर आजार निसटायची शक्यता वाढते. हे आधीच विचारून ठेवा.

ऑपरेशननंतरचे पहिले दोन आठवडे

फक्त सेंटिनल झालं असेल तर त्यासाठी सहसा नळी लागत नाही. काख साफ केली असेल तर ड्रेन असतोच: काखेतून निघालेली नळी आणि दाबून हवा काढलेला प्लास्टिकचा डबा. घरी आणायचा तर कापडी पिशवी शिवून ती खांद्यावरून तिरकी अडकवा, डबा कमरेच्या खाली राहील अशी. गाऊन पुढून उघडणारा हवा, डोक्यावरून घालायचे कपडे महिनाभर कपाटातच राहू द्या. रोज ठरलेल्या वेळी डबा रिकामा करून किती मिली निघालं ते वहीत लिहायचं. रंग लाल, मग गुलाबी, मग पिवळट होत जातो. २४ तासांत साधारण ३० मिलीपेक्षा कमी येऊ लागलं की नळी काढतात. तुमच्या डॉक्टरांचा आकडा थोडा वेगळा असू शकतो. अचानक पुन्हा लाल भडक येऊ लागलं, नळीतून येणं एकदम थांबून काख फुगली किंवा ताप आला, तर दवाखान्यात फोन करा. नळी निघाल्यावर काखेत पाणी साठून फुगवटा येणं, म्हणजे सेरोमा, हे नेहमीचं आहे. ते सुईने काढता येतं.

दंडाच्या आतल्या बाजूला बधिरपणा किंवा मुंग्या येतात, कारण तो मज्जातंतू काखेतूनच जातो आणि कधी तो कापावाच लागतो. बधिरपणा कमी होत जातो, पूर्ण जाईलच असं नाही. त्या जागी गरम पाण्याची पिशवी ठेवू नका, भाजलेलं कळत नाही. हात वर करताना पाठीचं खवाट बाहेर डोकावत असेल तर सर्जनला दाखवा. तिथला दुसरा मज्जातंतू ताणला गेलेला असू शकतो आणि बहुतेकदा तो काही महिन्यांत सावरतो.

हात अंगाशी धरून बसू नका

घरातले प्रेमाने म्हणतात, "हात हलवू नकोस." हे ऐकू नका. पहिल्या दिवसापासून मूठ उघडा-मिटा, मनगट फिरवा, कोपर वाकवा, त्याच हाताने केस विंचरा आणि जेवा. नळी निघेपर्यंत खांदा ९० अंशांपर्यंतच उचलायचा. त्यानंतर भिंतीसमोर उभं राहून बोटं भिंतीवर चढवत न्यायची आणि जिथे पोचली तिथे पेन्सिलची खूण करायची. उद्या त्याच्या वर. कंटाळवाणा व्यायाम आहे, पण त्याला एक कडक मुदत आहे: रेडिएशनसाठी हात डोक्यावर घेऊन स्थिर पडावं लागतं. खांदा आखडलेला असेल तर रेडिएशन लांबतं.

काही आठवड्यांनी काखेपासून कोपरापर्यंत, कधी मनगटापर्यंत, कातडीखाली ताणलेली दोरी दिसू लागते. बघून छातीत धस्स होतं. हा कर्करोग नाही. याला कॉर्डिंग म्हणतात आणि फिजिओथेरपीने ती बहुधा काही आठवड्यांत ते महिन्यांत जाते.

रिपोर्ट वाचताना

अंतिम रिपोर्ट आठवडा-दहा दिवसांत येतो. ‘२/१४’ याचा अर्थ १४ नोड सापडले, त्यातल्या २ मध्ये कर्करोग. बाईला घाबरवणारा आकडा वरचा, खालचा नव्हे. चौदा ‘निघाले’ म्हणून रडणारी कुटुंबं मी पाहिली आहेत. १ ते ३ नोड बाधित असतील तर एन-१ (एन म्हणजे नोड), ४ ते ९ असतील तर एन-२, १० किंवा जास्त असतील तर एन-३. नोडमधला ठिपका २ मिलीमीटरपेक्षा मोठा असेल तर तो मॅक्रोमेटास्टॅसिस, ०.२ ते २ मिलीमीटर असेल तर मायक्रो. त्याहून लहान म्हणजे सुट्या पेशी, आणि तेवढ्याने नोड बाधित धरत नाहीत. फ्रोझनमध्ये ‘स्वच्छ’ सांगून अंतिम रिपोर्टमध्ये मायक्रो निघणं हा कुणाचा हलगर्जीपणा नव्हे, घाईत काढलेल्या कापात बारीक ठिपका निसटतो. ‘एक्स्ट्रानोडल एक्स्टेन्शन’ लिहिलं असेल तर कर्करोग नोडचं आवरण फोडून बाहेर आला आहे, आणि रेडिएशन ठरवताना ते बघतात.

हाताची सूज: भीती किती, काळजी किती

नोड गेले की हातातला द्रव परत जायच्या वाटा कमी होतात आणि हात सुजू शकतो. याला लिम्फेडिमा म्हणतात. २०१३ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेलं प्रमाण असं: सेंटिनलनंतर ५.६ टक्के, काख साफ केल्यावर १९.९ टक्के. सूज महिन्यांनी येऊ शकते, वर्षांनीही. विदर्भात असा हात बघून लोक हत्तीरोग म्हणतात. हा तो नव्हे, डास चावून होत नाही आणि दुसऱ्याला लागत नाही.

ऑपरेशनआधी दोन्ही हातांची टेपने मापं घेऊन ठेवा: मनगट, कोपराच्या वर आणि खाली ठरावीक अंतरावर. नंतर दोन हातांत २ सेंटिमीटरचा फरक पडला तर दाखवायला जा. टेपच्याही आधी बांगडी सांगते, ब्लाऊजची बाही सांगते. बांगडी चढेना, बाहीची शिवण रुतू लागली, हात जड वाटू लागला, तर तेव्हाच फिजिओथेरपिस्ट गाठा. सुरुवातीला दाबाची बाही, पट्ट्या आणि हलका विशिष्ट मसाज यांनी बरंच आटोक्यात राहतं. दाबाची बाही मापाची हवी, औषधाच्या दुकानातून अंदाजाने उचललेली नको.

त्या हाताने रक्त काढू नका, बीपी घेऊ नका, विमानात बसू नका, वजन उचलू नका, अशी लांबलचक यादी बायकांच्या हातात देतात. तिच्यातलं बरंच ऐकीव आहे. बोस्टनमध्ये ६३२ बायकांवर झालेल्या अभ्यासात (२०१६) रक्त काढणं, बीपी, विमानप्रवास यांचा सूज येण्याशी संबंध आढळला नाही. संबंध आढळला तो त्वचेच्या संसर्गाशी आणि वजन जास्त असण्याशी. म्हणून शक्य तिथे दुसरा हात पुढे करा, पण तातडीच्या वेळी "या हाताला सुई नको" म्हणून अडून राहू नका. आणि वजन हळूहळू वाढवत, देखरेखीखाली व्यायाम केल्याने सूज वाढत नाही, हे २००९ मधल्या अमेरिकन चाचणीने दाखवलं. घागर पहिल्या महिन्यात नको, पण जन्मभर नकोच असंही नाही.

खरी काळजी कातडीची. तव्याचा चटका, विळीचा काप, कापूस वेचताना लागलेला काटा, मांजराचा ओरखडा, नखाजवळची सोललेली कातडी. निंदणी-वेचणीला हातमोजे घाला, जखम झालीच तर ती लगेच धुऊन मलम लावा. हात लाल, गरम झाला आणि थंडी वाजून ताप आला तर ती रात्र काढू नका. त्याच दिवशी अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं, कारण प्रत्येक संसर्ग उरलेल्या वाटांचं नुकसान करतो.

खर्चाचं: महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाची ऑपरेशनं येतात. योजनेतल्या रुग्णालयात दाराशीच आरोग्यमित्राचं टेबल असतं. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. नुसतं "ऑपरेशन बसतं का?" एवढंच विचारू नका. फ्रोझन सेक्शन, किरणोत्सर्गी द्रवाची तपासणी, फिजिओथेरपी आणि दाबाची बाही पॅकेजमध्ये आहे की वेगळी, हे भरती होण्याआधी एकेक नाव घेऊन विचारा.